बहिणीचं नाव कमी करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. वडील मागच्या वर्षी गेले. वारस नोंद झाली आणि सहा एकरांच्या सात-बारावर आई, मुलगा आणि लग्न झालेल्या दोन मुली अशी चार नावं लागली. चुलते म्हणतात, "बहिणींचं हक्कसोड करून घे, सगळ्यांकडं असंच असतंय." म्हणजे बहिणींनी जमिनीतला आपला वाटा भावासाठी सोडला असा दस्त करायचा. बहिणी सही द्यायला तयार आहेत. विचारणारा भाऊ मात्र अस्वस्थ आहे. ही रीत बरोबर आहे का, की मीच उगाच जास्त विचार करतोय, असं तो विचारतो.

तुम्ही उगाच विचार करत नाही. हुंडा, बालविवाह, विधवांना दिली जाणारी वागणूक यांविरुद्ध निदान बोललं तरी जातं. बहिणीचं हक्कसोड मात्र इतकं अंगवळणी पडलंय की ती एक प्रथा आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. ते तलाठी कार्यालयातलं एक काम वाटतं. मी तालुक्याच्या कोर्टात सव्वीस वर्षं दिवाणी कामं करते. एवढ्या वर्षांत मी शेकडो हक्कसोडपत्रं लिहिली. त्यातली पहिली पंधरा वर्षं सही करणाऱ्या एकाही बाईला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. हे उत्तर लांबेल, कारण ते मी त्या बायकांचंही देणं लागते.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हा प्रसंग कसा घडतो ते तुम्ही पाहिलं नसेल, तर सांगते. सकाळी जीप येते. पुढं भाऊ आणि चुलते, मागं बहिणी, एखादीच्या मांडीवर लेकरू. टायपिंग झालेला दस्त आधीच तयार असतो. नंबर लागला की एकेकीचा फोटो, अंगठा, सही. ओळख पटवणारे दोघे गावातलेच. साहेब विचारतात, "दस्त मान्य आहे ना?" बहीण भावाकडं बघते आणि मान हलवते. दहा मिनिटांत आटोपतं. मग बाहेर जेवण होतं, आणि पिशवीतून आणलेली साडी दिली जाते. दस्तात लिहिलेलं असतं, "कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय." हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा लिहिलंय. त्यातली कितीजणी राजीखुशीच्या होत्या हे मला आज सांगता येणार नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

आपली भाषाच बघा. मुलाचं नाव "लागतं" आणि बहिणीचं नाव "कमी करायचं" असतं. तिचं नाव उताऱ्यावर येतं ते जाण्यासाठीच, असं धरूनच बोललं जातं. जुने सात-बारे काढून बघा, कितीतरी ठिकाणी बहिणींची नावं कब्जेदाराच्या रकान्यात नसून "इतर हक्क" या रकान्यात दिसतील. तिथं बोजा लिहितात, सोसायटीचं कर्ज लिहितात, त्याच रांगेत बहीण. आणि सव्वीस वर्षांत बहिणीच्या लाभात हक्क सोडायला आलेला एकही भाऊ माझ्याकडं आलेला नाही. देणं जर खरंच मायेपोटी असतं, तर निदान कधीतरी ते उलट्या दिशेनंही झालं असतं.

आता कायदा, मोजक्या शब्दांत. मुलीला वारसाहक्कात मुलाइतका वाटा मिळावा यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात आग्रह धरला. ते बिल रखडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागच्या कारणांत हे एक होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगी वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात वारस झाली, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मिळणारा हक्क मुलाकडंच राहिला. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीलाही तो हक्क दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं लग्नाची ही अट गेली. तरीही त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का यावर अनेक वर्षं कोर्टात वाद झाले. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हक्क जन्मानं येतो, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

तुमच्या घरचा हिशोब सोपा आहे. आजी हयात नसतील, वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि जमीन हिंदू कायद्यानं येणारी असेल, तर ती वडिलोपार्जित धरा की वडिलांची स्वतःची धरा, आई आणि तिघं भावंडं यांचा वाटा सारखाच येतो. प्रत्येकी एक चतुर्थांश. सहा एकरांत साठ-साठ गुंठे. तेव्हा तुमच्या चुलत्यांच्या वाक्याचा अर्थ असा होतो की दीड एकराची मालकीण असलेल्या दोन बायकांनी तीन एकर जमीन फुकट द्यावी. हीच मागणी शेजारच्या बांधावरच्या माणसाकडं करायची तुमची हिंमत होईल का, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा.

नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत. त्यातली काही पोकळ आहेत आणि काही खरी आहेत.

"लग्नात खर्च केलाय की." तो खर्च कुणाकडं गेला? मांडव, जेवणावळी, मानपान, सासरच्यांचा आहेर. तिच्या नावावर त्यातलं काय राहिलं? हुंडा दिला असेल तर १९६१ पासून तो गुन्हा आहे, आणि केलेला गुन्हा वाट्यातून वळता करून घेता येत नाही. भावाचं शिक्षण, भावाचं लग्न, भावाची मोटारसायकल यांचा हिशोब वाटणीच्या वेळी कुणी मांडलेला मी पाहिला नाही.

"जमिनीचे तुकडे होतात." होतात, आणि ही अडचण खरी आहे. पण दोन भावांत तीन-तीन एकर होतात तेव्हा तुकड्यांची काळजी कुणाला वाटत नाही. मालकी वेगळी असूनही एकानंच कसायची, बहिणीला पिकाचा वाटा किंवा खंड द्यायचा, ही सोय आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त बहिणीसाठी ती आठवत नाही.

"उद्या दाजी जमीन विकतील, परका माणूस बांधावर येईल." ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, अशी प्रकरणं मी चालवली आहेत. पण त्यावर कायद्यातच उपाय आहे. वारसा कायद्याचं कलम २२ म्हणतं की वारसानं आलेला हिस्सा एखाद्या वारसाला विकायचा असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क सोबतच्या वारसांचा. हे कलम शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा बहिणीनं विकायचं ठरवलं तर वाजवी किमतीला तुम्ही घ्या. भीती परक्याची असेल तर ती इथं मिटते. एवढं सांगूनही जो भाऊ अडून बसतो, त्याला किंमत द्यायची नसते, असा माझा अनुभव आहे.

"आई-वडिलांना भाऊ सांभाळतो." यात मला सगळ्यात जास्त तथ्य दिसतं. वडिलांच्या आजारपणात रात्र-रात्र दवाखान्यात बसलेला मुलगा आणि वर्षातून दोनदा येणारी मुलगी यांना सारखं देणं काहींना अन्याय वाटतं, ते मला कळतं. पण सांभाळणाऱ्याला जास्त द्यावं असं वडिलांना वाटत असेल, तर ते आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकतात, कायदा त्यांना अडवत नाही. आणि हा नियम खरा मानायचा तर सगळ्यांना लावा. पुण्यात नोकरी करणारा, आईला दोन वर्षांत भेटायला न आलेला भाऊ वाट्याला सारखाच असतो, आणि आईचं अंग पुसणारी, तिला डायलिसिसला नेणारी गावातली लेक हक्कसोड करते. अशी घरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

एक अडचण भाऊ सहसा बोलून दाखवत नाहीत, पण माझ्या मते निम्म्या हक्कसोडींमागं तीच असते. सात-बारावर चार नावं असली की पीककर्जाला चौघांच्या सह्या लागतात. विहिरीला, वीजजोडणीला, अनुदानाला दरवेळी संमतीपत्र लागतं. एक बहीण सोलापूरला, एक ठाण्याला, आणि सोसायटीची मुदत परवा संपतेय. भाऊ वैतागतो आणि म्हणतो, एकदाच नावं काढून टाकू. तुमचीही हीच अडचण असेल तर तिचा इलाज हक्कसोड नव्हे, वाटणी आहे. सगळ्यांची संमती असेल तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं अर्ज करून किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र करून प्रत्येकाचा हिस्सा वेगळा करता येतो. तुमच्या साठ गुंठ्यांवर तुम्ही कुणाच्याही सहीशिवाय कर्ज काढा. तेवढं नको असेल तर बहिणींकडून ठरावीक कामापुरतं मुखत्यारपत्र घ्या. कागदाच्या अडचणीला कागदाचाच उपाय पुरतो, त्यासाठी कुणाची मालकी घालवायची गरज नसते.

आता तुमच्या प्रश्नातल्या ज्या शब्दांनी मला थांबवलं, तिथं येते. "बहिणी तयार आहेत."

असतील. मी हक्क सोडण्याच्या विरोधात नाही. चांगली नोकरी असलेली, शहरात स्थिरावलेली बहीण ओढग्रस्तीतल्या भावाला आपला वाटा मनापासून देते, त्यात चूक काही नाही. माझा प्रश्न एवढाच की नाही म्हणायची सोय तिला होती का? ज्या बाईनं नाही म्हटलं तिचं काय होतं हे गावातल्या प्रत्येक मुलीनं पाहिलेलं असतं. तिला भाऊबीजेला बोलावणं येत नाही. भाच्याच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं येते. वहिनी पाणी द्यायला उठत नाही. "हिस्सा मागणारी" हे विशेषण तिला आयुष्यभर चिकटतं, आणि गंमत म्हणून सुद्धा कुणी भावाला "बहिणीचा हिस्सा खाणारा" म्हणत नाही. माहेर तुटेल या एका भीतीपोटी बाया सही करतात. जे घर तिचं जन्मापासूनचं आहे, तिथं पाहुणी म्हणून येत राहण्यासाठी ती दीड एकर मोजते.

माझ्याकडं एक पक्षकार आली होती, चाळिशीच्या आसपासची. नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि हिला दोन पोरांसह माहेरी आणून सोडलं. वडील गेले तेव्हा ती पंचविशीत होती, संसार बरा चालला होता, हसत हसत सही केली होती. आता भावाच्या घरी मागच्या खोलीत राहत होती आणि ज्या रानात ती लहानपणी भांगलायला जायची, त्याच रानात रोजानं जात होती. मजुरी भाऊ द्यायचा, तीही उधारीवर. तिनं मला हक्कसोडपत्राची प्रत दाखवली आणि विचारलं, "ताई, ह्यातनं काय निघंल का?" प्रत उलटून बघितली तर दस्त लिहिणारी म्हणून खाली माझं नाव, माझी सही. नोंदणीकृत हक्कसोड मन बदललं म्हणून रद्द होत नाही. फसवणूक, जबरदस्ती किंवा गैरवाजवी दबाव सिद्ध करावा लागतो आणि तो कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तिची पंधरा वर्षं उलटली होती, आणि फसवणूक तरी कुणी केली म्हणायची? दस्तात तर राजीखुशीनं लिहिलेलं होतं. मी तिला नवऱ्याकडून पोटगी मिळवून दिली. जमिनीचं काही करू शकले नाही.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. बहिणीशी एकटीशी बोलते, भावाला आणि दाजींनाही बाहेर बसवून. हो, दाजींनाही, कारण कधीकधी हिस्सा मागायचा दबाव त्यांचा असतो आणि तोही दबावच. तिला उतारा वाचून दाखवते, गट नंबर, क्षेत्र, तिचा वाटा किती गुंठे आणि आजच्या भावानं त्याची किंमत किती, हे सांगते. बहुतेकींनी हा आकडा आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलेला असतो. मग तीन आठवड्यांनी यायला सांगते. काही भाऊ चिडून दुसऱ्या वकिलाकडं जातात. जाऊ देत. मागं एक बहीण तीन आठवड्यांनी परत आली आणि म्हणाली, "विहिरीजवळचं वीस गुंठं माझ्या नावावर राहू द्या, बाकीचं दादाला देते." दादा खाली मान घालून बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "आक्का, तू बोलली न्हाईस कधी." ती म्हणाली, "तू इचारलं कवा?" दोघं सख्खी भावंडं, बोलायला वकिलाची खोली लागली.

जुन्या फेरफारांबद्दलही सांगायला हवं, कारण तुमच्या आत्यांचा प्रश्न तिथं अडकलेला असू शकतो. पूर्वी साध्या कागदावर जबाब घेऊन "बहिणींनी हक्क सोडल्याने नावे कमी केली" अशी नोंद सर्रास धरली जायची. काही ठिकाणी तर थोरल्या भावाचं नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागायचं आणि बहिणींचा उल्लेखही नसायचा. फेरफार ही महसुलाची नोंद आहे. तिनं मालकी तयार होत नाही आणि जातही नाही. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणं दस्त नोंदवावा लागतो. म्हणून अशा घरांतल्या बायकांनी "आता काय उपयोग" म्हणून बसू नये, निदान जुने फेरफार काढून वकिलाला दाखवावेत. मिळकतीच्या दाव्यात महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून. हे माहीत नसल्यानं किती जणी दारातूनच परत गेल्या असतील.

आणि वडील हयात असतानाच, त्यांच्या स्वकष्टाच्या जमिनीबद्दल मुलींकडून "पुढं काही मागणार नाही" असं लिहून घेतात, त्या कागदाला अर्थ नाही. वारस म्हणून मिळेल अशी नुसती आशा कायद्यानं कुणाला देता येत नाही आणि सोडताही येत नाही.

प्रथा बदलत नाहीत असं मला कुणी सांगू नये. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये ग्रामसभा घेऊन विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि बाकीच्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून शासनानं परिपत्रक काढलं. त्याच्या कितीतरी आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली होती. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या बायकोच्या नावावर जमीन करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. शेतकऱ्यांनी तेव्हा खरंच जमिनी नावावर केल्या. म्हणजे जमिनीवर बाईचं नाव लावायला आपला शेतकरी तयारच होत नाही, असं नाही. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये, म्हणजे ज्यांच्या हाती शेतीचा कारभार आहे त्यांच्यात, बायकांचं प्रमाण जेमतेम १४ टक्के निघालं. शेतात राबणाऱ्या बायका मोजायला गेलात तर हा आकडा किती लाजिरवाणा आहे ते कळेल.

आता तुम्ही काय करायचं.

रजिस्टर ऑफिसची तारीख घेतली असेल तर आधी ती सोडून द्या. घाई कशाचीच नाही, चार नावांच्या उताऱ्यानं जमीन कुठं पळून जात नाही. बहिणींशी वेगवेगळं बोला, काका, वहिनी, दाजी कुणी नसताना, आणि शक्यतो भाऊबीज किंवा राखीच्या दिवशी नको, त्या दिवशी कुठली बहीण नाही म्हणेल? "सही कधी करतेस" असं विचारू नका. "तुझ्या साठ गुंठ्यांचं काय करू या" असं विचारा, आणि ती पहिल्यांदा "मला काय करायचंय, तूच ठेव" म्हणाली तर ते उत्तर धरू नका. महिनाभरानं परत विचारा. हिस्सा ठेवला तरी येणं-जाणं तसंच राहील, हे तुम्ही तुमच्या तोंडानं, आईसमोर सांगा, आणि चुलत्यांनाही सांगा.

एवढं करूनही कुणी द्यायचं ठरवलं तर दस्तात ठरावीक गट नंबर आणि क्षेत्रच लिहा. "व इतर सर्व मिळकती" ही ओळ टायपिस्ट सवयीनं घालतो, ती काढायला लावा, नाहीतर राहतं घरही त्यात जातं. पैसे दिले तर दिलेली रक्कम लिहा, "मोबदला न घेता" लिहून हातात पाकीट देऊ नका.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. हक्कसोडीच्या दस्तात बहिणींच्या रांगेत आईचंही नाव टाकायची पद्धत आहे. ती तर काय, कुठंही सही करेल. तिचे साठ गुंठे गेले की दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या गोळीसाठीही तिला हात पसरावा लागतो. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत मुलानं अट मोडली तर परत घेण्याची तरतूद आहे. पण ती अट दस्तात लिहिलेली नसेल तर म्हाताऱ्या बाईला ती सिद्ध करता करता नाकीनऊ येतात, आणि हक्कसोडपत्रात ही अट लिहिलेली मी अगदी क्वचित पाहिली. तुम्ही तिला सांभाळाल, याबद्दल मला शंका नाही. तरीही बहिणींचं काहीही ठरो, आईचं नाव उताऱ्यावरून काढू नका.